आठ दिवसांचा स्टँड

आमच्या घरच्या गणपतीची मूर्ती हातात घेऊन सुधीर, म्हणजे माझा नवरा, चौरंगापुढे उभा होता. गुरुजींच्या मुठीत अक्षता होत्या. आणि शेजारचे गावंडेसर म्हणाले, "थांबा जी."

इतर माणसं शर्टाच्या ज्या खिशात पेन ठेवतात, तिथून त्यांनी बोटभर लांबीची पाणसळ काढली आणि चौरंगावर ठेवली. मग डोळे बारीक करून ते आतला हवेचा बुडबुडा मधोमध येतो का ते पाहू लागले. तो आला नाही. एका पायाखाली लग्नपत्रिकेची घडी गेली, ती उघडून पुन्हा घातली गेली, आणि सुधीरचे हात भरून आल्यावर परवानगी मिळाली. "बसवा आता. दीड दिवस बाप्पा कलून राहिला असता ना, वहिनी."

गावंडेसर मूळचे अकोल्याचे. इथे चंदीगडला, सेक्टर ३९मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्य काढलं. काम एकच: दुसऱ्यांची मोजायची यंत्रं चुकतात किती, ते सांगायचं. निवृत्तीनंतर यंत्रं संपली, सांगणं राहिलं. भिंतीवरच्या फोटोंपासून वरच्या मजल्यावरच्या भुल्लर आंटींच्या फ्रिजपर्यंत काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. "डोलून राहिलं," हा त्यांचा निकाल असतो. त्यावर अपील नाही. वाक्याच्या शेवटी ते जो 'जी' लावतात तो अकोल्याचा की चंदीगडचा, हे मला अजून कळलेलं नाही. इथल्या लोकांना तो इथला वाटतो, म्हणून भाजीवाले त्यांच्यावर खूष असतात. सर त्यांचा तराजू तपासेपर्यंत.

त्यांच्या पत्नी कुमुदताई मुलीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी बंगळूरला गेल्या होत्या. ते बाळ आता शाळेत जातं. "येऊन राहिली ती पुढच्या महिन्यात," असं सर दर महिन्याला सांगतात, आणि आम्ही दर महिन्याला "अरे वा" म्हणतो.

माशांचं प्रकरण सुरू झालं ते सरांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका भाडेकरू मुलामुळे. आयटी पार्कात नोकरीला असलेल्या त्या मुलाची हैदराबादला बदली झाली आणि जाताना त्यानं आपली काचेची पेटी सरांच्या गळ्यात मारली. आत तीन गोल्डफिश आणि काचेला तोंड लावून चिकटणारा एक काळा, कुरूप मासा. सोबत लोखंडी स्टँडही होता. सरांनी त्याला एका बोटानं ढकललं, तो हलला, आणि त्याच संध्याकाळी तो भंगारवाल्याकडे गेला. मग पेटी ठेवायची कुठे? सर आमच्या दारात.

"वहिनी, तुमचं डायनिंग टेबल शिसवाचं आहे. मी पाहिलंय खालून."

"खालून कधी पाहिलंत?"

"गणपतीत. प्रसादाचा लाडू पडला होता ना माझा." ते जरासुद्धा लाजले नाहीत. "आठ दिवस द्या. आठ दिवसांत मी स्टँड उभा करतो."

मी हो म्हटलं. मी सहसा व्यवहारी बाई आहे, पण पाण्याच्या बादलीत चार जीव दारात उभे असताना व्यवहार सुचत नाही.

तेव्हापासून आम्ही तिघं ताट मांडीवर घेऊन जेवू लागलो. आमची मुलगी ऋता पलंगावर बसून जेवायची आणि म्हणायची, "मम्मा, मछलियाँ डायनिंग टेबल पे और हम बेड पे? पक्का पागल हो तुम लोग." मी मराठीत रागावते, ती हिंदीत उत्तर देते. आमच्या घरातली ही जुनी पद्धत आहे.

सरांनी काम लगेच सुरू केलं, हे कबूल करायला हवं. पाडलेल्या एका जुन्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, देवदारी चौकटी त्यांनी टिंबर मार्केटमधून उचलून आणल्या. लाकूड उत्तम होतं. नुसता रंधा मारला तरी जिना दरवळायचा. पण मग सिद्धांत आला. लाकूड या शहराचा एक उन्हाळा आणि एक पाऊस बघितल्याशिवाय शांत होत नाही. "आता जूनमध्ये आकसलं. ऑगस्टमध्ये फुगणार. घाई केली तर सांधे बोंबलतील जी." म्हणून स्टँडनं उन्हाळा बघितला. पाऊस बघितला. आम्ही पलंगावरून दोन्ही बघितले.

सांध्यांत खिळा नाही, स्क्रू नाही. एका लाकडाला दात, दुसऱ्याला खाच. पटाशीनं खाच कोरायची, दात घालून बघायचा, नाराज व्हायचं, परत कोरायची. मधल्या वेळात सर रोज सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे. सकाळी 'मंडळींना' खाणं घालायला, संध्याकाळी पाणी बघायला. मंडळी म्हणजे मासे. मंडळींचं झालं की ते खुर्ची खिडकीकडे ओढून बसत आणि मी चहा ठेवत असे. कुणी आग्रह करत नसे, कुणी नको म्हणत नसे. माझ्या हातचं जे काही समोर येई ते त्यांना "फस्टक्लास" असे. एकदा मी चहात साखर घालायला विसरले, तोही फस्टक्लास होता.

पुढे वजनाची चाचणी आली. भरलेली पेटी किती जड होणार, हे त्यांनी काढलं होतं. तेवढं वजन स्टँडवर चढवून तो दिवसभर ठेवायचा होता. ते माझ्याकडे आले आणि बराच वेळ माशांकडे बघत राहिले.

"वहिनी, राग नका मानू. तुमचं वजन किती?"

मी राग मानला, पण वजन सांगितलं. ते भुल्लर आंटींकडे गेले. आंटींनी राग मानला नाही, त्या म्हणाल्या, "सच बोलूँ या घरवाले को जो बताती हूँ वो?" मग आम्ही दोघी सरांच्या बाल्कनीत त्या स्टँडवर शेजारी शेजारी चढून बसलो, पाय लोंबकळत, हातात चहा. स्टँडनं हूं की चूं केलं नाही. आंटी लाकडावर थाप मारून म्हणाल्या, "भाई साब, ये तो हमारे बाद भी खड़ा रहेगा. तुसी फिकर ना करो, अब बस करो." उरलेलं वजन गव्हाच्या पोत्यांनी भरून काढलं.

आता फक्त वॉर्निश उरलं होतं. फक्त! थंडीत धुकं पडलं की वॉर्निश वाळत नाही, आणि डिसेंबरात धुकं उठत नाही. पहिला हात चिकट राहिला. तो घासून दुसरा दिला. दुसऱ्यावर एक डास बसला. सरांनी डासासकट सगळं खरवडलं.

तेवढ्यात ऋताचं जमलं. मोहालीत तिच्याच कंपनीत काम करणारा मुलगा, घरचे नाशिकचे. त्याचे आईवडील एका रविवारी जेवायला येणार असं ठरलं. मी सरांना सरळ सांगितलं, "सर, मला टेबल हवंय. होणाऱ्या व्याह्यांना मी पलंगावर बसवून वरणभात वाढणार नाही."

"रविवारी ना? मग शनिवारी स्टँड तयार."

"आठ दिवसांचा की खरा शनिवार?"

"खरा जी," ते म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले. तसं ते कधी करत नसत. मला वाटलं, टोमणा लागला.

शनिवारी स्टँड खरंच तयार होता. सुंदर होता, उगीच नाही म्हणायचं. मधाच्या रंगाचा, कडा गोलावलेल्या, हात फिरवत राहावा असा. सुधीर आणि सरांनी तो त्यांच्या हॉलमध्ये मांडला. सरांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला.

या माणसाचा बुडबुडा पळतो?

"चुकलं," सर म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की चिडचिड केली नाही. "तुमच्या हॉलमध्ये बसून बसून मोजमाप तिथंच घेतलं मी. आपल्या या जुन्या फ्लॅटांत फरशीला उतार असतो ना, पाणी बाल्कनीकडं जायला. तुमची अन् आमची घरं आरशातल्यासारखी. तुमचा उतार उजवीकडं, आमचा डावीकडं. पाय उलटे कापले गेले."

"मग परत कापा की," सुधीर म्हणाला.

"एवढं वॉर्निश झाल्यावर? नाही जमत. अन् उद्या तुमचे पाहुणे."

तो मुद्दा मला पटला. आम्ही स्टँड उचलून आमच्याकडे आणला. खिडकी आणि पुस्तकांचं कपाट यांच्या मध्ये तो असा बसला, की कपाटाच्या बाजूला बोटही जाईना. बुडबुडा मधोमध थांबला. पंपाच्या वायरीसाठी मागच्या फळीला भोक पाडलं होतं, ते बरोबर आमच्या प्लगसमोर आलं. मी त्या भोकाकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण उद्याचं श्रीखंड अजून चक्क्यात होतं, म्हणून पुढचा विचार केला नाही.

मासे नव्या जागी गेले, टेबल पुसून झालं, सर घरी गेले, आणि कुमुदताईंचा फोन आला. त्यांना मंडळींची नवी जागा बघायची होती. मी फोन फिरवून दाखवली आणि चूक कशी झाली तेही सांगितलं. आरसा, उतार, सगळं.

"आमच्याकडं कुठला उतार?" कुमुदताई म्हणाल्या. "तुम्ही या बिल्डिंगमध्ये यायच्या आधीच यांनी सगळी फरशी उखडून सपाट करून घेतली ना! दीड महिना मी धुळीत स्वयंपाक केला. मिस्तरी रडला होता हो. काचेसारखी सपाट आहे आमची फरशी. मग काहून असं म्हणाले ते?"

पलीकडे नातू काहीतरी मागत होता, तेवढ्यात मी फोन पुन्हा स्वतःकडे फिरवला.

"मोजायला चुकले असतील," मी म्हणाले. "वय होतंय."

"हे? मोजायला?" त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "वहिनी, ते जेवतात ना वेळेवर?"

"जेवतात," मी म्हणाले. हे खरं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

रविवारी नाशिकची मंडळी आली. पानं मांडताना मी एक जास्त मांडलं आणि ऋताला सरांना बोलवायला शेजारी पाठवलं. सर दारात आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, पण आत येईनात. "नको जी. घरचं जेवण आहे तुमचं. मंडळींना खाणं घालतो अन् जातो."

"घालाच. मग हात धुवा आणि बसा. पान मांडलंय."

ते बसले. ऋताच्या होणाऱ्या सासूबाईंनी स्टँडवर हात फिरवला आणि विचारलं, "किती छान आहे हो! कुठून घेतलात?"

"घेतला नाही," मी म्हणाले. "घरच्यांनी केलाय." आणि हातानं सरांकडे दाखवलं.

सरांनी मान खाली घालून वरणभात कालवायला घेतला. बराच वेळ कालवला. पाहुणे शिमल्याच्या बर्फाबद्दल बोलू लागले. मी सरांच्या पानात तूप वाढायला वाकले, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "वरणात मीठ कमी झालं आज."

मी मीठ आणायला आत गेले.