खर्जाची कणीक

रविवारी सकाळी दहा वाजता कैलासनं डाव्या पेटीच्या कुशीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि तो तिथंच फरशीवर बसला. पेटी अजून घुमत होती.

पेटी म्हणजे स्पीकरची. कैलास सोमाटण्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. सुट्टीच्या दिवशी मात्र परंदवडीच्या घरातल्या मधल्या खोलीत प्लायवूड कापून, चिकटवून, घासून तो गाणी ऐकायचे मोठे स्पीकर बनवायचा. आतापर्यंत चार जोड्या झाल्या होत्या. त्यातली एक घरात होती, एक मेव्हण्याकडे होती आणि उरलेल्या दोन माळ्यावर. ही पाचवी जोडी पहिल्यांदाच परक्या माणसानं सांगितलेली. पुण्याच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून राजेश्वरीबाई आता लोणावळ्याच्या वलवणला धरणाजवळ बंगल्यात राहत होत्या. आज चार वाजता त्या स्पीकर ऐकायला येणार होत्या.

या जोडीवर एक पैजही लागली होती. ती अनितानं, म्हणजे कैलासच्या बायकोनं लावली होती. "ह्या बाईंनी नाक मुरडलं तर मधली खोली माझी. शिवणाच्या क्लासला बारा पोरी थांबल्यात."

"आन् ठेवून घेतली तर?"

"तर पुन्हा खोलीचं नाव काढनार न्हाई. देवाशपथ."

म्हणून ते घुमणं कैलासला झोंबत होतं. गाणं वर असलं की पेटी शहाण्यासारखी गप्प असायची. तानपुऱ्याचा खर्ज लागला, की तिची बाजूची फळी थरथरायची आणि स्वतःच गायला लागायची. कैलासनं आत आडव्या पट्ट्या मारल्या, कापूस भरला, रबर चिकटवलं. पोकळीचा घुमारा कमी झाला, पण फळीची थरथर हटेना. मोटारीच्या दारात आतून लावतात तसल्या डांबरी पट्ट्या त्यानं मागवल्या होत्या. ते पार्सल कुठंतरी वाटेत अडकलं होतं.

तेवढ्यात शेजारचे गेणूआबा ताक मागायला आले. भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवलेली बोटं. ती जाता जाता पेटीवर पडली आणि आबा थांबले.

"काय रं, उघडी वाजतीया की!"

"आबा, स्पीकर हाय त्यो. पखवाज न्हाई."

"लाकूड हाय का न्हाई? पोकळ हाय का न्हाई? मग कणीक लाव."

पखवाजाच्या डाव्या पानावर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. तेवढ्यानं आवाज भरतो, खाली बसतो. कैलासला हे माहीत होतं. तो हसला. बारा वाजले, पार्सल आलं नाही, तेव्हा हसायचा थांबला.

"अनिता, कणकेत मीठ घातलंस का गं?" आबांनी चुलीकडं हाळी दिली.

"अजून न्हाई. का वो आबा?"

"मग परात हिकडं आन."

आबांनी तळहाताएवढी कणीक पेटीत आतून फळीच्या मधोमध थापली. बाहेरून टिचकी मारली. मघाचं 'टण्ण' आता 'थप्प' झालं. कैलासनं मोबाईलवरून पेटीवर तानपुरा लावला. काठोकाठ भरलेली घागर विहिरीतून वर यावी आणि एक थेंब हिंदकळू नये, तसा खर्ज आला.

मग एका गोळ्यावर भागेना. दोन पेट्यांच्या चार कुशी. अनितानं दुसऱ्यांदा पीठ चाळलं, बांगड्या मागं सारल्या आणि कणीक मळता मळता गुणगुणली:

"कणीक भिजवीते, पाणी ओंजळीनं मोजीते
माझ्या घरच्या धन्याचं याड पदरानं झाकीते"

त्या दिवशी घरात नुसता भात झाला. कैलासनं दोन्ही पेट्यांची पाठ लावली, प्रत्येकीला सोळा स्क्रू आवळले आणि हात धुतले.

चार वाजता राजेश्वरीबाई आल्या. डोळे मिटून त्यांनी पाऊण तास ऐकलं. उघडले तेव्हा डोळे ओले होते.

"अहो, लाकूड मध्ये बोलतच नाही! आत काय वापरलंय?"

"देशी मटेरियल आहे, मॅडम," कैलास म्हणाला.

"म्हणजे पर्यावरणाला वगैरे..."

"काहीच धोका नाही."

आत अनिताला ठसका लागला. संध्याकाळी टेम्पोतून जोडी वलवणला गेली.

मंगळवारी राजेश्वरीबाईंचा फोन आला तो नुसत्या कौतुकाचा. कैलासनं तो अनितासमोर मुद्दाम स्पीकरवर घेतला. गुरुवारी पुन्हा आला.

"कैलास, स्पीकरचं काही नाही हं. सहज विचारते. तुमच्या ओळखीचा प्लंबर आहे का? हॉलमध्ये कसलासा आंबूस वास येतोय."

ऑगस्टचा महिना. लोणावळ्यात सोमवारी वाळत घातलेला पायमोजा गुरुवारी ओलाच असतो. तिथं बंद पेटीतल्या कणकेचं काय होत असेल, हे कैलासला एकदम कळलं. त्यानं फोन ठेवला आणि अनिताकडं बघितलं.

"आता आंबोळ्या घालायजोगं झालं असंल," अनिता म्हणाली.

शुक्रवारी प्लंबरनं न्हाणीतल्या दोन फरशा उखडल्या. काही सापडलं नाही. वास मात्र न्हाणीतून हॉलमध्ये येतो की हॉलमधून न्हाणीत जातो, याबद्दल त्याला शंका आली, आणि ती सांगून तो गेला. शनिवारी तिसरा फोन.

"उजव्या स्पीकरच्या भोकातून मुंग्यांची रांग लागली आहे. गाणं चालू असलं तरी हटत नाहीत. आणि डाव्यात काल दुपारी काहीतरी थपकन पडलं. तेव्हापासून तो खर्जाला गुणगुणतोय."

कैलास धावत गेणूआबांकडं गेला.

"आबा, कणीक आंबली!"

"कुटली?"

"स्पीकरातली."

"आरं, काढली न्हाईस?"

"काढायची असती?"

आबांनी विड्याच्या पानाचा देठ तोडायचा थांबवला. "भजन झालं की कणीक काढायची, पान पुसायचं, मग पखवाज खोळीत घालायचा. हे काय सांगावं लागतं व्हय? भाकरी झाली की तवा उतरव, आसं सांगतं का कुनी?"

"सोळा सोळा स्क्रू मारल्यात, आबा."

"ते मला काय ठावं? पखवाजाला कुटं असत्यात स्क्रू!"

त्याच संध्याकाळी डांबरी पट्ट्यांचं पार्सल आलं. रविवारी सकाळी ते पिशवीत घालून कैलास मोटारसायकलवर बसला, तर मागं अनिता आधीच पदर खोचून बसलेली.

"तू कशाला?"

"पैजेचा निकाल हाय. साक्षीला कुनी नको?"

वलवणला पोचल्यावर कैलासनं घसा साफ केला. "मॅडम, आठ दिवसांनी एक सर्व्हिसिंग असतं. तुम्ही आराम करा, आम्ही पाठ उघडून..."

"मी बघते ना. मला फार उत्सुकता आहे," म्हणत राजेश्वरीबाई खुर्ची ओढून पेटीसमोरच बसल्या.

सोळावा स्क्रू निघाला आणि वास आधी बाहेर आला, मग मुंग्या. आत कणीक दुप्पट फुगली होती, तिच्यावर बुडबुडे धरले होते. डावीकडचा एक गोळा तळाशी कापसावर निजला होता.

"हे काय आहे?"

"देशी मटेरियल," कैलास अगदी हळू म्हणाला.

"कणीक हाय, बाई," अनिता म्हणाली. "पखवाजाला लावत्यात तसली. बिनमिठाची."

कैलासच्या डोळ्यांपुढं मधल्या खोलीतून त्याचं रंधा यंत्र बाहेर निघालं आणि बारा पोरी आत शिरल्या.

राजेश्वरीबाईंनी चष्मा वर केला. "पखवाजाला लावतात तशी?"

"व्हय."

"मग काढली का नाही?"

कैलासला वाटलं, साऱ्या मावळात हे आपल्या एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

दोन तास धुणं, पुसणं, केस वाळवायच्या यंत्रानं पेट्या वाळवणं चाललं. मग कैलासनं डांबरी पट्ट्या चिकटवल्या. तानपुरा लावला. मोबाईलमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर रेघ सुतासारखी सरळ आली. त्यानं ती बाईंना दाखवली.

बाईंनी रेघेकडं बघितलं नाही. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण गेल्या रविवारी माझ्या पोटात काहीतरी हललं होतं. आज हलत नाही. हे काढा आणि कणीक लावा."

"मॅडम, पुन्हा आंबेल!"

"स्क्रू नका मारू. मागं बिजागरीचं दार करून द्या. दर रविवारी चार माणसं ऐकायला येतात, तेवढ्यापुरती लावायची. झालं की मी काढून ठेवीन."

"म्हणजे जोडी ठेवून घेताय?"

"अर्थात!"

कैलासनं अनिताकडं असं बघितलं, की जत्रेत शेवटची कुस्ती मारलेला पैलवानसुद्धा तसं बघणार नाही. त्याच तोऱ्यात तो बाईंच्या स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं स्वतः कणीक भिजवली. ती सैल झाली. फळीवरून ओघळत ती तारांवर उतरली. दुसरी भिजवली ती घट्ट झाली. चिकटलीच नाही, टणकन खाली पडली आणि सोफ्याखाली गेली.

"त्या दिवशीची कुणी भिजवली होती?" बाईंनी विचारलं.

अनिता खिडकीतून धरणाकडं बघत होती.

"हिनं," कैलास म्हणाला.

"मग दर रविवारी तुम्हीच या ना," बाई अनिताला म्हणाल्या. "नाहीतर हे स्पीकर ठेवून मी करू काय?"

अनितानं मान हलवली, पण हो की नाही ते कळू नये इतपतच. कैलासनं तिला बाजूला घेतलं.

"येते म्हन की! न्हाईतर बाई परत देतील जोडी."

"मी कुटं नगं म्हनते?"

"मग तोंड का असं?"

"कसं? पैज तुमी जिंकलात. खोलीचं नाव काढनार न्हाई म्हनून देवाशपथ घेतलीया मी. मी न्हाई काढनार." अनितानं पदर नीट केला. "तुमाला काढायचं आसंल तर काढा."

बाहेर ढग धरणावर उतरले, बराच वेळ राहिले आणि उठले.

"मधली खोली..." कैलास म्हणाला.

"काय म्हनलात? ऐकू न्हाई आलं."

"मधली खोली घे!"

अनितानं बांगड्या मागं सारल्या आणि पीठ मागितलं.

पुढच्या रविवारी राजेश्वरीबाईंच्या हॉलमध्ये नेहमीची चार माणसं जमली. अनिता गुडघे टेकून पेटीमागं बसली होती. टिचकी मारत होती, ऐकत होती, लिंबाएवढी कणीक इकडची तिकडं करत होती. कैलास बिजागरीचं दार धरून उभा होता. मैफल संपली तेव्हा पाहुण्यांतल्या अनघाताई सरळ अनिताकडं आल्या.

"काय आवाज आहे हो! मला अगदी अश्शीच जोडी हवी. द्याल करून?"

कैलासनं तोंड उघडलं.

"देऊ की," बोटांची कणीक सोडवत अनिता म्हणाली. "लाकूडकाम हे करत्यात."