बाजूच्या सीटवरचे मास्तर

नव्या गाडीला क्लच नाही हे कळल्यापासून मास्तरांचं तिच्यावरून मनच उडालं होतं. उभा जन्म त्यांनी लोकांना मोटार शिकवण्यात घालवला होता. गावात कोणी गाडी चालवताना दिसला की तो एकतर त्यांचा विद्यार्थी असे, नाहीतर त्यांच्या मते त्याला गाडी येत नसे. डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि थेंबही न सांडता बाजाराला वळसा घालून यायचं, ही त्यांची परीक्षा. आता मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, आणि गाडी चालवणार होत्या मास्तरीणबाई.

बाईंना मास्तरांनी लग्नानंतर एकदा शिकवायला घेतलं होतं. भर चौकात गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, मास्तर म्हणाले, "तुला या जन्मात जमायचं नाही," आणि बाई दार उघडून तडक चालत घरी गेल्या. त्यानंतर ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्यांनी कधी उघडलं नाही. पण आता लेकीचे दिवस भरत आले होते. तिचं घर टेकडीवर, जावई नोकरीपायी बाहेरगावी. अवेळी फोन आला तर धावायचं कोणी? बाईंनी मास्तरांना न विचारता दुसऱ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, लायसन्स मिळवलं आणि ही बिनक्लचची गाडी दारात आणून उभी केली.

"तुम्ही नुसते बाजूला बसा. करायचं काही नाही," बाई म्हणाल्या.

"करायला ठेवलंय कुठे काही? आणि मधे हा दांडा कशाला दिलाय? शोभेला?"

मास्तर बसले, पण त्यांचे पाय बसेनात. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतात. समोर म्हैस दिसली, सायकलवाला दिसला, की मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली जाई आणि नव्या गाडीच्या रिकाम्या पायपुसण्यावर धप्पकन आदळे. शिकवणं बंद झालं तरी पायाला ते कोणी कळवलं नव्हतं. आपण बिनकामाचे झालो हे त्या पायपुसण्यावर त्यांना दिवसातून कितीदा तरी कळत होतं, आणि ते वाईटच होतं.

मग एके दुपारी उभ्या गाडीत बसून चाळा करताना तो दांडा बाजूला सरकला. तिथे अधिक आणि उणे अशी खूण होती. पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. हरवलेला जुना मित्र बाजारात भेटावा तसा मास्तरांचा चेहरा उजळला. ही बातमी बाईंना सांगायला हवी होती, पण त्यांनी ती खिशात घातली.

बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरत आणि मान ताठ ठेवून रस्त्याकडे बघत. खाली बघायची त्यांची टाप नव्हती. त्यामुळे मास्तरांचं काम सोपं झालं. चढ आला की त्यांचा उजवा हात अलगद दांड्यावर जाई आणि गिअर खाली येई. सपाटी लागली की वर.

"आज काय छान चढली हो गाडी!" बाई खुशीत म्हणाल्या.

"हं," मास्तर म्हणाले, आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघत हसले. बरेच दिवस हे असंच चाललं. संसारात दोघांनी मिळून केलेल्या कामांत हे एकच असं होतं की ज्यात भांडण झालं नाही, कारण एकीला ते दोघांचं आहे हे ठाऊकच नव्हतं.

एके दिवशी दोघं जेवून निघाले. पुलाच्या चढाला मास्तरांनी गाडी दुसऱ्या गिअरला आणली आणि दांड्यावर हात ठेवूनच त्यांचा डोळा लागला. पूल संपला, सरळ रस्ता लागला, बाईंनी वेग वाढवला. गाडी वरचा गिअर मागत होती आणि देणारा घोरत होता. इंजिन असं किंचाळायला लागलं की दुकानांतले लोक बाहेर आले.

"अहो! अहो, उठा! ही फुटतेय की काय!"

मास्तर दचकून जागे झाले, काय झालं ते त्यांना क्षणात उमगलं आणि त्यांनी दांडा गुपचूप जागेवर सरकवला. आवाज थांबला. तरी बाईंनी गाडी कशीबशी समोरच्या गॅरेजात घातली. मेकॅनिक मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्याने एक चक्कर मारली आणि किल्ली परत दिली.

"काकू, गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच एक्सिलेटर जरा जास्त दाबता का?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी टायरकडे पाहिलं.

दोघं घरी आले. स्वयंपाकघरात शिरताच बाईंनी किल्ली ओट्यावर ठेवली. "विकून टाका. तुम्ही म्हणाला होतात तेच खरं. नाही जमायचं मला. पोरीला सांगते, तिचं तिने बघावं."

ती ओट्यावरची किल्ली मास्तरांना बघवेना. हा चेहरा त्यांनी पूर्वी एकदा पाहिला होता, चौकात, दार उघडताना.

"अगं, तू काही दाबलं नव्हतंस," ते म्हणाले. "गिअर माझ्या हातात होता. रोजच असतो. आज मला झोप लागली."

बाईंनी पदराला हात पुसले आणि त्या मास्तरांकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं मास्तरांना वाटायला लागलं.

"आणि तेव्हा? चौकात?"

मास्तरांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. शिकवायच्या गाडीत बाजूने कचकन ब्रेक दाबला की इंजिन बंद पडतं, हे सांगायला मेकॅनिकची गरज नव्हती.

"समोर कोणीतरी आडवं आलं असं वाटलं गं मला," ते पुटपुटले.

बाईंनी किल्ली उचलून कमरेला खोचली. मग गॅसवरचं कोमट झालेलं सूप पातेल्यात काठोकाठ ओतलं आणि ते पातेलं मास्तरांच्या हातात दिलं. "पोरीसाठी आहे. मांडीवर धरा. दोन्ही हातांनी."

"झाकण?"

"सापडत नाहीये."

झाकण बाईंच्या डोक्यामागे खिळ्यालाच लटकत होतं. मास्तरांनी पातेलं दोन्ही हातांनी धरलं.

गाडी निघाली. पूल आला, चढ आला, टेकडीची वळणं आली. मास्तर पातेल्यातल्या सुपाकडे टक लावून बसले होते. ते एकदाही काठाबाहेर आलं नाही. इतकी मऊ गाडी त्यांच्या फार थोड्या विद्यार्थ्यांनी चालवली होती. हे तोंडाने सांगावं असं त्यांना पहिल्याच वळणावर वाटलं. शेवटच्या वळणावर त्यांनी ते सांगितलंही. बाईंनी मान ताठच ठेवली, पण कान लाल झाले.

लेकीच्या घरापाशी एक मांजर रस्ता ओलांडत होतं. बाईंनी ते लांबूनच पाहिलं होतं आणि वेगही कमी केला होता.

लेक दार उघडून उभी राहिली तर बाबा पोटापासून गुडघ्यापर्यंत ओलेचिंब.

"हे काय! आईने एवढ्या जोरात ब्रेक मारला?"

"तिने नाही," पातेलं तिच्या हातात देत मास्तर म्हणाले. "मी मारला."