आतल्या माणसाची बातमी

खोटं बोलायला अक्कल लागते, आणि ती घरातल्या बाकी सगळ्यांची मिळून आहे तेवढी आपल्या एकटीकडे आहे, याबद्दल सूनबाईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कॉलेजची पदवी होती. शिवाय नऊ महिन्यांच्या मुलीला कडूजहर औषध 'गोडगोड' म्हणून पाजण्याचा दांडगा अनुभव होता. त्यापुढे अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना बनवणं म्हणजे अगदीच किरकोळ काम!

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता, पन्नास वर्षं. त्यामुळे डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे हातात दिला, तसा त्यांनी तो सवयीने खिडकीच्या काचेवर धरला.

"भात्याला भोकं पडलीत," ते म्हणाले. "घडीच्या कॅमेऱ्याचं हेच होतं. भात्याचं चामडं कोपऱ्याकोपऱ्यात विरतं आणि आत उजेड शिरतो. एकदोन भोकं असली तर पट्टी चिकटवून भागतं. याची तर चाळण झालीय. भाताच बदला."

"तो मिळत नाही हो, काका."

"कॅमेऱ्याचासुद्धा मिळत नव्हता! आता अख्खा कॅमेराच नवा निघतोय!"

डॉक्टरांना वाटलं, म्हातारबोवांना भ्रम झाला. बाहेर येऊन त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, "फार तर दोन आठवडे. मन रमवा त्यांचं."

भ्रम वगैरे काही नव्हता. एक कंपनी खरोखरच घडीचा नवा कॅमेरा काढणार होती. मोठ्या रोलचा, भाता मिटला की कोटाच्या खिशात जाणारा. असला कॅमेरा बाजारात नवाकोरा येऊन एक पिढी उलटली होती. कंपनीने फोटो दाखवले, लेन्स दाखवली, भाता उघडमीट करून दाखवला, फक्त किंमत तेवढी गुलदस्त्यात ठेवली. ती म्हणे वीस तारखेला सांगणार. तोवर जगातल्या समस्त म्हाताऱ्या फोटोग्राफरांना एकच उद्योग उरला होता, अंदाज बांधायचा!

"किंमत कळल्याशिवाय मी हलत नाही," सासऱ्यांनी घरी येताच जाहीर केलं.

सगळे हसले. सूनबाई हसली नाही. मुलगी झाल्यापासून तिला एक खोड लागली होती, श्वास मोजायची. आधी पाळण्याशी उभं राहून एक मिनिट मोजायचे, मग पलीकडच्या खोलीत जाऊन सासऱ्यांचे. लेकीचे चौतीस, सासऱ्यांचे अठ्ठावीस. पुढच्या आठवड्यात लेकीचे चौतीस, सासऱ्यांचे एकतीस. दोघांची जणू शर्यत लागली होती, आणि ही शर्यत सासऱ्यांनी जिंकू नये म्हणून ती धडपडत होती!

रोज चार वाजता सासऱ्यांचे दोन मित्र यायचे. एक लॅबवाले, जन्मभर अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्यामुळे उजेडात घुबडासारखे डोळे मिचकावणारे. दुसरे घड्याळवाले. ते घड्याळांबरोबर कॅमेऱ्यांचे शटरही दुरुस्त करायचे, सतत खोकायचे आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट वाईटच होणार असं धरून चालायचे. तिघांनी एक्स-रेच्या पाकिटावर आपापले अंदाज लिहून सह्या ठोकल्या. लॅबवाले ऐंशी हजार, सासरे एक लाख दहा, घड्याळवाले दोन लाख. खाडाखोड करायची नाही. ज्याचा आकडा जवळ, त्याला सासऱ्यांचा जुना लाइट मीटर.

"आणि मीच जिंकलो तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर तूच ने बरोबर," घड्याळवाले म्हणाले, "वर उजेड कितपत आहे ते कळवायला!"

तिघं खो खो हसले, मग तिघं खोकले. सूनबाई दारात चहाचा ट्रे धरून उभीच राहिली.

पण तिने एक गोष्ट टिपली. ज्या दिवशी कॅमेऱ्याची नवी बातमी यायची, त्या दिवशी सासऱ्यांच्या बोटाला लावलेलं प्राणवायू मोजायचं यंत्र एक्याण्णव दाखवायचं. बातमी नसली की शहाऐंशी! बस्, तिने बेत केला. रोज एक बातमी द्यायची.

"बाबा, पंच्याहत्तर हजार म्हणतायत."

"कोण म्हणतं?"

"आहे एक जण," तिने ठोकून दिलं. "कंपनीतलाच. आतला माणूस."

सासरे कोपरावर उठून बसले. "आतला? मग विचार त्याला, भाता कापडी की चामड्याचा?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून तिचं घर म्हणजे त्या कंपनीची शाखाच झाली. एका हाताने लेकीला मऊ भात भरवायचा, दुसऱ्या हाताने फोनवर भाते शोधायचे. "कापडी, बाबा." "घड्या किती?" "सोळा." "सोळा? मूर्ख आहे का तो? सोळा घड्यांत ताण बसेल!" "नवीन आहे हो नोकरीत. उद्या नीट मोजायला सांगते." आकडा ब्याण्णव! डॉक्टरांनीही यंत्र झटकून पुन्हा लावून पाहिलं.

चौथ्या दिवशी नवरा कामावरून आला. बातमी असली की बूट काढायच्या आधी ओरडून सांगायची, हा त्याचा जन्मजात गुण.

"बाबा! फोटोवाल्यांच्या ग्रुपवर आलंय! भाता कापडी, घड्या अठरा! आतल्या माणसाची पक्की खबर!"

सूनबाईच्या हातातला चमचा गळून पडला. अठरा घड्या तिने सकाळी साडेआठला लंगोट वाळत घालता घालता ठरवल्या होत्या!

तिथेच थांबायला हवं होतं. पण मग तो वाईट दिवस उजाडला. यंत्रावर त्र्याऐंशी. ओठ निळसर. चमच्याने दिलेलं पाणी ओठांच्या कडेनं परत आलं. लेक पाळण्यात रडत होती, नवरा डॉक्टरांना फोन लावत होता, आणि सूनबाईला फक्त एवढंच सुचलं. डोस वाढवावा तसा तिने भाव उतरवला.

"बाबा, ऐकताय का? पंचेचाळीस हजार! फक्त!"

डोळे उघडले. "किती?"

"पंचेचाळीस."

"मग दोन घेऊ," सासरे पुटपुटले आणि पाणी प्यायले. दुपारी एकोणनव्वद. चार वाजता त्यांनीच मित्रांना ती खबर दिली, लग्न ठरल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी लॅबवाले धापा टाकत आले. कॅमेरा एवढा स्वस्त म्हटल्यावर रोल मिळेनासे होणार, म्हणून त्यांनी दोनशे रोल आणून फ्रीजमध्ये भरले होते. बायकोने भाजीसकट त्यांना घराबाहेर काढलं होतं. सगळे पोट धरून हसले. मग घड्याळवाले रुमाल तोंडावर धरून म्हणाले, "मीही शहाणपणा केला. माझे घडीचे दोन्ही कॅमेरे विकून टाकले. नवा पंचेचाळीसला आल्यावर जुन्याला कुत्रं विचारणार नाही. मिळेल तो भाव घेतला."

सूनबाईने ते दोन कॅमेरे पाहिले होते. घड्याळवाल्यांनी एकेक स्क्रू हाताने घडवला होता त्यांचा. आत्ताच्या आत्ता सांगावं, काका, धावत जा, परत आणा. तिने तोंड उघडलंसुद्धा! तेवढ्यात पलंगावरून सासरे तिच्याकडे बघून हसले. यंत्रावर नव्वद.

"चांगलं केलंत, काका," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकामं पातेलं घासत बसली.

आता वीस तारीख तोंडावर आली. किंमत कळल्याशिवाय हलणार नाही म्हणजे कळल्यावर काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अठरा तारखेला तिने आतल्या माणसाकडून शेवटचा बार काढला. "बाबा, महिनाभर पुढे ढकललंय."

"बरं झालं. घाईत भाता नीट चिकटत नाही."

वीस तारखेला तिने नवऱ्याला चारदा बजावलं, की घरी आल्यावर बातम्या सांगायच्या नाहीत. का, ते सांगितलं नाही. नवऱ्याला वाटलं, लेक झोपलेली असते म्हणून. साडेचारला तो बुटांसकट आत घुसला आणि मुलीची झोपमोड नको म्हणून चक्क कुजबुजत ओरडला, "बाबा! किंमत आली!"

सूनबाईने जे केलं, ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. नऊ महिने जिच्या झोपेसाठी तिने घरातली घंटा बंद ठेवली, कुकरची शिट्टी काढून ठेवली, त्या गाढ झोपलेल्या लेकीला तिने चिमटा काढला! लेकीने असा काही टाहो फोडला, की खिडकीतली कबुतरं उडाली.

पण सासऱ्यांचे कान स्टुडिओतले होते. रडणाऱ्या पोरांच्या गराड्यात पन्नास वर्षं कामं केलेली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक लाख ब्याण्णव हजार."

लॅबवाल्यांनी डोळे मिचकावले. घड्याळवाले जिंकले होते, आणि चेहरा असा झाला होता, जणू कुणी दोन्ही कॅमेरे त्यांच्या पायावर टाकले. सासऱ्यांनी डोळे मिटले. श्वास बाहेर गेला. सूनबाई रडणारी लेक कडेवर घेऊन मोजायला लागली. एक. मग काही नाही. लॅबवाल्यांनी हुंदका दिला. नवऱ्याने बूट काढले.

"वेडे आहेत," पलंगावरून आवाज आला. "इतकी कोण देणार? सहा महिन्यांत उतरेल. आपण थांबू."

सूनबाई जमिनीवर बसली ती बसलीच!

थोड्या वेळाने, मित्र मीटर घेऊन गेल्यावर, सासऱ्यांनी तिला जवळ बोलावलं. "तुझा तो आतला माणूस अगदीच ठोंब्या निघाला गं."

"हो, बाबा."

"पण रोज येतो बिचारा. त्याला काढू नकोस."

तिने काढलं नाही. दोन आठवड्यांचे तीन झाले, तिनाचे साडेचार. आता रोज सकाळी भाव किती उतरणार याची बातमी. दहा टक्के. वीस. स्वस्तातल्या लेन्सचा येतोय. डॉक्टर म्हणाले, "काय चाललंय काय इथे?"

मग एका मंगळवारी लेकीला ताप आला. सूनबाई सकाळपासून तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. श्वास बेचाळीस. चव्वेचाळीस. पलीकडून हाक आली, "आज काय म्हणतो तो?"

"आज काही नाही हो, बाबा. थांबा जरा, हिला बघते."

ताप उतरायला आणखी दहा मिनिटं लागली असतील. लेकीचे श्वास छत्तीसवर आले, तशी ती पलीकडच्या खोलीत गेली. तिथे मोजायला काही नव्हतं.

चौथ्या दिवशी फोन आला. घड्याळवाले. आधी मिनिटभर नुसता खोकला. पूर्वीपेक्षा खोल, ओला. तिने नकळत मोजला.

"सूनबाई, विचारू नये अशा वेळी. पण मीटर समोर ठेवून बसलोय गं. मीटर आहे, कॅमेरा नाही. तुझा तो आतला माणूस काय म्हणतो? उतरेल का भाव?"

आता खरं सांगायचं, तिने दाताखाली ओठ धरून ठरवलं. काका, तसा माणूस नाही. नव्हता. तुमचे कॅमेरे माझ्यामुळे गेले.

फोनमध्ये पुन्हा खोकल्याची उबळ आली.

"उतरणार म्हणतोय, काका," ती म्हणाली. "पण सहा महिने तरी थांबा हं. आणि मला रोज सकाळी फोन करा!"