राग परतीच्या गाडीला

देवमन मास्तरांना राग आला की ते रुमालाला गाठ मारत. तोंडातून शब्द नाही.

बुलढाण्याच्या मोटारस्टँडवर ते सगळ्या गाड्यांचे मुख्य आणि मी त्यांच्या हाताखालचा नवा कारकून. सकाळी सुटणाऱ्या ड्रायव्हरला बोल लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. गाव सोडलं की लगेच घाट. "घाट उतरणाऱ्याच्या डोक्शात घाटच पायजे," ते म्हणत. "राग परतीच्या गाडीले."

संध्याकाळी गाडी आली की ड्रायव्हरला बाजूला घेऊन ते गाठ सोडत आणि मग बोलत. दिवसभरात पाच-सहा गाठी होत. कुठली कोणाची हे ते पुष्कळदा विसरत आणि समोरच्या ड्रायव्हरलाच विचारत, "काऊन बे, तुह्यावर कायचा राग होता?" गडीही इमानाने आपला गुन्हा सांगे. एकाने तर मास्तरांना ठाऊकच नसलेला गुन्हा कबूल केला होता.

मला हे भेकडपणाचं वाटे. अन्याय दिसला की तिथल्या तिथे बोलावं. संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेला राग मालकाच्याच कामाचा, असं मी एका पत्रकात छापलंही होतं. मास्तरांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "लिवलं बेस," म्हणाले. "पण तुले गाडी कुठी चालवा लागते?"

एका सकाळी रोहिणखेडच्या मजूर बायकांनी लिहवून घेतलेली चिठ्ठी आली. हात दाखवूनही सुखदेव ड्रायव्हरने त्यांच्यासाठी गाडी थांबवली नव्हती. थोडं पुढे पाटलांसाठी मात्र थांबवली होती. मास्तर रुमाल काढेपर्यंत मी धावत सुटलो. जळगाव जामोदची गाडी भरली होती. सगळ्या उतारूंसमोर मी सुखदेवला पाटलांचा गुलाम म्हणालो. त्याचा चेहरा काळवंडला आणि त्याने इंजिन उगाच घुमवलं.

मास्तर गाडीसमोर येऊन उभे राहिले. सुखदेवला खाली उतरवलं, चहा पाजला, लेकीच्या बाळंतपणाची चौकशी केली. उतारू कुरकुरू लागले. "ज्याले घाई असन त्यानं पायी जावं," मास्तर म्हणाले. सुखदेव कशालातरी हसला, तेव्हाच गाडी सुटली. माझ्याकडे पाहत त्यांनी रुमालाला आणखी एक गाठ मारली.

त्या दिवशी टेलिफोन वाजला की माझा हात थांबे. त्या बायकांची बाजू खरी होती, पण गाडीत चाळीस माणसं होती.

दिवेलागणीला गाडी आली. मास्तरांनी सुखदेवची गाठ सोडली. उद्या त्या बायकांची माफी मागायची आणि तिथे गाडी थांबवायचीच, असं हळू आवाजात बजावलं. तो "हाव जी" म्हणाला. मग माझी गाठ सोडली. "तुहा राग खरा होता, बापू. वेळ चुकली."

रुमालाच्या कोपऱ्यात एक गाठ तरीही उरली होती, धुऊन धुऊन दगडासारखी झालेली. ही कोणाची, मी विचारलं.

"गणपत ड्रायव्हरची. लय वर्सं झाली. सकायी त्याले चार माणसांत बोललो. मंग वाटलं, संध्याकायी आला की चुकलो म्हणू. इसरू नये म्हणून गाठ मारली." ते घाटाच्या रस्त्याकडे पाहू लागले. "ते गाडी आलीच नाही."

दिवसाच्या साऱ्या गाड्या आल्या होत्या. मास्तर तरीही उठले नाहीत. मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो.