डीपीची भावकी

सुनेनं फोनवर सांगितलं, "आई, तुमचा डीपी फार जुना झालाय, बदलून टाका," आणि दुसऱ्या दिवशी मी मंचरच्या वीज कचेरीत जाऊन साहेबांशी भांडून आले.

तेव्हा मी पंचावन्नची होते. म्हणजे आपल्याला अक्कल आली आहे असं वाटायला लागतं, त्या वयाची. हातात पहिला स्मार्टफोन होता आणि अंगात त्याचं वारं. पण आमच्या अवसरीत डीपी म्हणजे एकच : मळ्याच्या वाटेवर दोन खांबांवर बसलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. तो जुना झाला होता, हे खोटं नव्हतं. सुनेला पुण्यात बसून ते कळलं, याचंच मला कौतुक. साहेबांना म्हटलं, "पुण्यातल्या पोरीला दिसतंय, आणि तुम्हाला इथं बसून दिसत नाही?" साहेबांनी शांतपणे माझा फोन मागून घेतला, त्यावरचा म्हशीला आंबोण घालतानाचा माझा फोटो मलाच दाखवला आणि म्हणाले, "मावशी, हा डीपी." शिपाई हसत बाहेर गेला तो चहा पिऊनच परत आला.

मी गावात पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. गिरणीत दळणाला गेले तर बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. हसले नाहीत ते फक्त गिरणीवाले किसनभाऊ. त्यांनी गिरणीची मोटार बंद केली. दळण चालू असताना ते फक्त मयतीला मोटार बंद करत. भुवयांवरचं पीठ पुसत गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तुमी काय लई चुकल्या न्हाई. भावकीतलीच घरं. ह्याच्या दारात जायचं ते त्याच्या दारात गेल्या, येवढंच."

मला वाटलं, टोमणा मारला. टोमणा नव्हता, तो सिद्धांत होता.

किसनभाऊंचं म्हणणं असं, की ज्यांची अक्षरं सारखी ते एका रक्ताचे. "आपल्याकडं येकाच आडनावाची शंभर घरं. येक तलाठी हाय, येक भजी तळतो, येक पुढाऱ्याच्या मागं फिरतो. म्हनून काय ती परकी? मग डीपीनंच काय घोडं मारलंय?" भावकीतली थोरली पाती, म्हणजे शाखा, विजेची. सगळ्या गावाचं ओझं वाहणारी आणि उन्हाळ्यात डोकं तापणारी. मोबाईलची पाती धाकटी. शिकली, नटायला लागली, रोज तोंड बदलते. गावाच्या विकास आराखड्याच्या नकाशातला तो डीपी रस्ता, तो भावकीतला भांडकुदळ. येईल तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीत वाटा मागणार. आणि शेअरबाजारात खातं उघडलं की कुणी डीपी असतो म्हणे, तो मुंबईला गेलेला चुलता. "पैशाचं बगतो, पन जत्रंला येत न्हाई."

या भावकीत एक जिवंत माणूसही होता. आमचे निवृत्त हेडमास्तर दत्तात्रय पांडुरंग, म्हणजे गावाचे डी. पी. सर. त्यांना या नात्याची कल्पना नव्हती. ती आली एका उन्हाळ्यात, खांबावरचा डीपी जळाला तेव्हा. गाव अंधारात, मोटारी बंद, गिरणी बंद. किसनभाऊंनी फोनवरचा आपला फोटो काढून टाकला, दाढी वाढवली आणि अनवाणी, बोडक्या डोक्यानं सरांच्या ओट्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "सर, तुमच्यातलं थोरलं गेलं. लई लोड सोसला त्यानं."

सरांच्या मंडळी चहा घेऊन येत होत्या. त्यांनी 'गेलं' एवढंच ऐकलं आणि कपबशा पाडल्या.

"अरे, मी जिवंत आहे!" सर ओरडले.

"तुमी हाय म्हनून तर भेटाया आलो. गेलेल्याला कोन भेटतं?"

त्यानंतर सर बरेच दिवस पीठ मंचरहून आणत.

नवा डीपी टेम्पोतून आला, तर किसनभाऊंनी त्याचं बारसं केलं. खरंच केलं. घुगऱ्या शिजवल्या, काळं तीट लावलं. अन्वर वायरमन खांबावर चढलेला, त्याला मामा केला. आत्या कोण? दारं चुकलेली बाई गावात एकच, म्हणून मला पुढं ढकललं. नातवंडं असलेली मी, खांबाला तोंड लावून "कुर्र" केलं आणि रीतीप्रमाणे बायकांचे धपाटे पाठीत खाल्ले. शॉक बसला नाही, कारण अन्वरनं अजून लाईन जोडली नव्हती. नाहीतर हे लिहायला मी नसते.

अशी कितीतरी वर्षं मी किसनभाऊंना हसले. पाहुणे आले, की चिवड्याबरोबर किसनभाऊंची एक गोष्ट द्यायची, असा आमच्या घरचा रिवाजच होता.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, वनिताचं लग्न ठरलं. मुलगा जुन्नरचा, माणसं भली. आणि त्याच आठवड्यात माझं ज्वारीचं पीठ रव्यासारखं निघालं. मी डबा घेऊन भांडायला गेले.

"काय हो किसनभाऊ, भाकरी थापू का शिरा करू?"

ते हसले नाहीत. मोटार बंद केली.

"वहिनी, लग्नात व्याहीभेट असती. माईकवाला पुकारतो. व्याह्याला व्याही भेटला, का मग चुलत्याला चुलता. हार घालायचा, उराउरी भेटायचं. जुन्नरच्या पावन्यांकडं चार चुलतं हायेत. माज्याकडनं कुनाला हुबं करू?" पिठाच्या ढिगात ते बोटानं रेघा ओढत होते. "बा तिकडं मढ गावावरनं येकटा आला व्हता, गिरणी टाकाया. आमच्या आडनावाचं दुसरं घर ह्या गावात न्हाई. वनीची आई असती तर तिनं कुटनं तरी आनलं असतं कुनी. त्या टायमाला पोरीनं मान खाली घालू नये, येवढंच हाय बगा."

इतकी वर्षं हा माणूस अक्षरांची भावकी का जमवत होता, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. डबा तिथंच ठेवून मी थेट डी. पी. सरांच्या ओट्यावर गेले. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"वहिनी, मी जिवंत असताना त्यानं माझं सुतक धरलं. माझ्या सख्ख्या भावांचा मला भरवसा नाही. येतो मी."

जुन्नरच्या कार्यालयात माईकवाला ओरडला, "मुलीकडचे थोरले चुलते!" किसनभाऊ खाली बघत होते. तेवढ्यात फेटा सावरत सर पुढं झाले. पलीकडच्या चुलत्यानं रीतीप्रमाणे त्यांना मिठीत घेऊन उचललं. सर वजनानं पोस्टकार्ड, ते जरा जास्तच वर गेले. दुसरा पुकारा झाला. फेटा बांधलेला अन्वर वायरमन आला. तिसऱ्याला मोबाईलच्या पातीकडून आमचे हे. त्यांना मी जेवणाच्या पंगतीतून उठवलं होतं, हातात जिलेबी तशीच. रस्त्याच्या पातीला मुद्दाम कळवलं नव्हतं. मांडव चार फूट मागं घ्या म्हणाली असती.

जुन्नरचा एक चुलता अन्वरला म्हणाला, "पावणं, तुमी भाऊ-भाऊ कुनी कुनासारखं दिसत न्हाई, राव!"

"पावणं, जोडनी येकच हाय," अन्वर म्हणाला. "लोड येगळा येगळा."

आणि मग माईकवाल्यानं चौथा चुलता पुकारला. किसनभाऊंनी चार सांगितले होते, मी गडबडीत तीनच मोजले होते! किसनभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली आणि मांडवभर नजर फिरवली. मी पदर खोचला, तबकातला हार उचलला आणि पुढं झाले. "चुलते संपले. आता आत्या!" चौथ्या पाहुण्यानं उचलायला पुढं केलेले हात घाईनं जोडले. सगळा मांडव हसला. मुंडावळ्यांआड वनिता सगळ्यात जास्त हसत होती, आणि मान चांगली ताठ होती.

संध्याकाळी पोरीला सासरी पाठवून आम्ही गावात परतलो. मी भाकरी-पिठलं झाकून गिरणीत नेलं. किसनभाऊ वजनकाट्यावर बसले होते, फेटा अजून डोक्यावर. काटा त्यांचं वजन दाखवत होता. बघायला कुणी नव्हतं. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. नवा डीपी लावला होता : सर, अन्वर, जिलेबीसकट आमचे हे, आणि हार घेऊन धावणारी मी. मी खूप हसले. ते जेवले. मी ताट उचललं, माझा ज्वारीचा डबा काखेत घेतला आणि निघाले. पायरी उतरले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला :

"वहिनी, उद्या दळण घिऊन या. नसलं तरी या."