दोरी उपसमितीचे सातवे वर्ष

मासा पाण्यात असतो, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. मतभेद होतात ते काठावर. म्हणूनच विचारी समाजात मासे पकडण्याआधी ते कशाने पकडावेत हे ठरवले जाते, आणि समाज जितका विचारी तितका मासा दीर्घायुषी होतो.

तलावाकाठच्या हौशी मासेमार मंडळाची स्थापना अकरा वर्षांपूर्वी झाली. पहिल्या चार वर्षांत सभासदांनी एकूण त्रेसष्ट मासे पकडले; तो मंडळाचा अप्रगत काळ मानला जातो. त्यानंतर दोरी उपसमिती नेमण्यात आली आणि पुढच्या सात वर्षांत मंडळाने एकही मासा पकडलेला नाही. (एक बेडूक आपण होऊन सभागृहात आला होता. त्याची नोंद 'किरकोळ पत्रव्यवहार' या सदरात आहे.)

मंडळाची मासेमारीची पद्धत सोपी आहे. होडी माणसाच्या चालीने पुढे न्यायची आणि मागे, शंभर हात दोरीच्या टोकाला, रंगवलेला, पोटाशी गरीचा आकडा असलेला लाकडी मासा ओढत राहायचा. खऱ्या माशाला वाटते, आपला कुणी नातेवाईक घाईघाईने कुठेतरी निघाला आहे. तो चौकशीला येतो आणि सापडतो. नातेवाइकांची चौकशी करू नये, हा यातला बोध माशांपर्यंत अजून पोचलेला नाही.

प्रश्न एवढाच, की दोरी कोणती. बाजारात दोन मिळतात. एक विणलेली, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची. ती ताणत नाही, पाणी कापत जाते, लाकडी मासा खोल नेते आणि माशाने नुसती जांभई दिली तरी हाताला कळते. दुसरी एकेरी, म्हणजे साधा नायलॉनचा तंगूस. तो ताणतो, माशाचा पहिला हिसका पोटात घालतो, आणि त्याला मारलेली गाठ मारल्यासारखी राहते. ही सगळी माहिती दुकानदार चार मिनिटांत देतो. मंडळाने तिच्यावर विसंबण्यास नकार दिला, यातच त्याचे मोठेपण आहे.

विणलेल्या दोरीचे पुढारपण अध्यक्षांकडे आहे. ते निवृत्त दंतवैद्य. तीस वर्षे लोकांच्या तोंडात हात घालून त्यांचे मत पक्के झाले आहे, की ओढायचे तर सरळ ओढावे. एकेरीची बाजू उपाध्यक्षा मांडतात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका.

"पोरांना जरा ढील दिली की आपणच दमतात," बाई म्हणतात.

"मासा दमत नाही बाई, मासा निघून जातो," डॉक्टर म्हणतात.

"तुमच्याकडून पेशंट जायचे तसा?"

या तीन वाक्यांत उपसमितीच्या एकशे अडुसष्ट बैठकांचा सारांश आहे. उरलेले सारे ठराव आहेत.

यंदा मात्र एक अडथळा आला. तलाव कार्यालयाने पत्र पाठवले: ज्या संस्थेने वर्षभरात किमान एक मासा कार्यालयाच्या तराजूवर दाखवला नाही, तिची धक्क्यावरची जागा काढून ती हंसाच्या आकाराच्या पायडलबोटींना देण्यात येईल. मासा संस्थेने आपला म्हणून नोंदवलेला असावा. मुदत महिनाअखेर, सायंकाळी पाच.

मंडळाला त्या जागेचे तसे काही नव्हते. बैठका सभागृहात होत. जागेवर उभी राहणारी होडी मात्र नावाड्याची होती. बावीस वर्षे तो त्याच खुंट्याला तीच होडी बांधत आला होता, आणि हंसांना नावाडी लागत नाही. तो टोपी हातात घेऊन उपसमितीपुढे आला.

"डॉक्टर, बाई, कुठलीही लावा. पण लावा एकदाची."

त्याचे म्हणणे नोंदवून घेण्यात आले आणि त्यापुढे शेरा मारण्यात आला: 'अभ्यास नाही.'

तरीही उपसमितीने विषय तातडीचा मानला आणि अंतिम चाचण्या हाती घेतल्या. चाचण्या अर्थातच सभागृहात होतात, कारण तलावात ओल फार असते. चाकांच्या खुर्चीला होडी मानले जाते. तीत गळाची काठी धरून अध्यक्ष बसतात आणि त्यांना माणसाच्या चालीने ढकलण्यात येते. मागून लाकडी मासा फरशीवरून येतो. जिन्याखाली सहचिटणीस दबा धरून असतात. त्यांच्याकडे माशाचे काम आहे. (चाचणीच्या लाकडी माशांच्या गऱ्या सहा वर्षांपूर्वीच काढून बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या आहेत, कारण सहचिटणिसांना मधुमेह आहे आणि जखमा लवकर भरत नाहीत.) ते झेप घेतात, लाकडी मासा दोन्ही हातांनी धरतात आणि ओढ घेतात. सात वर्षांच्या सरावाने त्यांच्या कामात इतकी सफाई आली आहे, की घरी हाक मारली तर ते आधी तिरके वळतात, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार आहे.

यंदाच्या दोनशे चौदा चाचण्यांत सहचिटणीस एकशे नव्वद वेळा सापडले. उरलेल्या चोवीस वेळा ते चहाला गेले होते. विणलेल्या दोरीवर त्यांचा सदरा सरासरी दर नऊ चाचण्यांमागे फाटला, एकेरीवर दर चौदा चाचण्यांमागे. कोणत्या दोरीने पकडले जाणे अधिक सुखाचे, असे लेखी विचारले असता त्यांनी 'जेवणाआधीच्या' असे उत्तर दिले. दोन्ही पक्षांनी ते आपल्या बाजूचे मानले.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना तोडगा निघाला. वरची लांब दोरी विणलेली, शेवटचे पंधरा हात तंगूस आणि मध्ये एक गाठ. डॉक्टरांना जाणीव मिळेल, बाईंना ढील मिळेल. सभागृहात टाळ्या वाजल्या. सात वर्षांच्या चिंतनातून हाती आलेले हे सत्य दुकानदार पाचव्या मिनिटाला सांगतो. पण मंडळ चार मिनिटांनी दुकानाबाहेर पडले होते. गाठीत कोणाचे टोक वर राहील यावर आणखी तीन दिवस गेले. शेवटी गाठ अशी मारण्यात आली, की डावीकडून पाहिल्यास डॉक्टरांचे टोक वर दिसते.

अखेरच्या दिवशी दुपारी एक वाजता होडी निघाली. नावाडी वल्ह्यावर होता. नियम सातप्रमाणे त्याला दोरी, काठी आणि लाकडी मासा यांना हात लावण्याची मुभा नव्हती. नजर टाकण्याबाबत नियम मौन पाळतो, पण तोंड पुढे आणि मासा मागे असल्याने तोही प्रश्न आला नाही. डॉक्टर, बाई आणि (तज्ज्ञ म्हणून) सहचिटणीस मागे बसले होते. धक्क्याच्या पायरीवर नावाड्याची बायको रिकाम्या डब्याला दोरी गुंडाळून मासे पकडत बसली होती. ती रोजच बसते. मंडळाने तिच्याकडे कधी लक्ष दिले नाही, कारण तिची उपसमिती नव्हती.

तीन वाजून दहा मिनिटांनी दोरीला हिसका बसला.

"जाणवला!" डॉक्टर ओरडले. "मनगटापर्यंत जाणवला! ही विणलेलीची किमया."

"आणि तुटली नाही," बाई म्हणाल्या. "तंगूसनं पोटात घातलं."

"आला का?" नावाड्याने न वळता विचारले.

"गेला. पण काय सुंदर गेला!"

पुढच्या तासाभरात आणखी सहा हिसके बसले. सातही मासे आले, लाकडी नातेवाइकाला धरले, ओढले आणि सोडून गेले. दोन्ही दोऱ्यांची कामगिरी निर्दोष ठरली. गाठही टिकली. सहचिटणीस मात्र नाराज होते. "या माशांना शिस्त नाही," ते म्हणाले. "मी थांबायचो."

चार चाळीसला होडी धक्क्याला लागली. कार्यालयाचा कारकून तराजू मांडून, घड्याळ पुढे ठेवून बसला होता. नावाड्याची बायको पायरीवरून उठली आणि तिने दोन किलोचा एक मासा तराजूत टाकला. मासा अजून शेपूट आपटत होता.

"घ्या. तुमचाच म्हणून लिहा."

कारकुनाची हरकत नव्हती. त्याने तसे बोलूनही दाखवले. नियमात मासा लागतो, कुणी काढला हे लागत नाही. बाईंनी मंडळाचा नोंदणी तक्ता उघडला. त्यात दोन चौकोन आहेत: विणलेली, एकेरी.

"वहिनी, दोरी कोणती होती?"

"दोरी होती."

"हो, पण कोणती?"

"अहो बाई, पुडक्याला बांधून आली होती ती. दोरी म्हणजे दोरी!"

भिंग मागवण्यात आले. डॉक्टरांनी दोरी उजेडाकडे धरली, बाईंनी नखाने उलगडली. ती विणलेली नव्हती. एकेरीही नव्हती. ती पिळलेली निघाली.

"बाई, मारा ना कुठल्यातरी चौकोनात फुली," नावाडी म्हणाला. "बावीस वर्षं झाली हो मला."

"आणि खोटं लिहू?" बाई म्हणाल्या. तेहतीस वर्षे ज्या आवाजात त्यांनी हा प्रश्न विचारला होता, त्याच आवाजात. डॉक्टरांनी मान डोलावली. सात वर्षांत दोघांचे पहिल्यांदाच एकमत झाले. तिसऱ्या चौकोनाचा ठराव लगेच मांडण्यात आला. त्याला अनुमोदन मिळेपर्यंत पाच वाजून दोन मिनिटे झाली होती.

कारकुनाने तराजू आवरला. जाता जाता त्याने होडीतला लाकडी मासा उचलला, उलटा केला, पालथा केला.

"याला गरी कुठाय?"

"तो विषय," डॉक्टर म्हणाले, "दोरी उपसमितीच्या कक्षेत येत नाही."

नावाड्याची होडी आता त्याच्या घरामागे पालथी घातलेली आहे. तिच्यावर वहिनी मासे वाळत घालतात. तो धक्क्यावरच असतो. शिट्टी वाजवून "चार नंबरचा हंस, वेळ संपली" असे ओरडण्याचे काम त्याला मिळाले आहे. चार नंबरचा हंस बहुधा मंडळाने घेतलेला असतो. पिळलेल्या दोरीच्या चाचण्या त्यातून चालतात, आणि सहचिटणीस आता पोहायला शिकत आहेत.

एक खुलासा करणे आवश्यक आहे. गऱ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत आणि डबा कपाटात आहे, हे आपल्याला होडी निघण्याच्या बरेच आधी सांगण्यात आले होते. आपण ते वाचले आणि पुढे विणलेली बरी की एकेरी याचा विचार करत राहिलात. मंडळात तीन जागा रिकाम्या आहेत. अर्जाची गरज नाही. आपली चाचणी झाली आहे.