श्रवणनीस पद कैसे स्थापिले त्याची हकीकत

वाणीस प्रथम नमन, आणि ज्यांचे डोळे पाहात नाहीत परंतु कान वाचतात त्यांस दुसरे नमन, मग लेखणीस आरंभ. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीचे वर्तमान ऐसे जे, एक राज्य होते, त्यास ना कोट ना खंदक, ना राजा ना सरहद्द. गावोगाव बसलेली तेवीस माणसे आपापल्या संगणकावरोन कारभार करीत आणि कोणी कोणाचा चाकर नव्हता. काम एकच, की मोबाइलवरील मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा प्रोग्राम रचावा, आणि तो अंधांस विनामूल्य द्यावा, आणि त्याचे कोडही उघडे ठेवावे, की ज्यास दुरुस्ती सुचेल त्याने ती करावी. या राज्याचे मूळपुरुष यादवराव खाडे सर, दहिवडीचे, पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आरंभी दोन रिवाज घातले. एक ऐसा, की कोणाचीही दुरुस्ती सरांचा शिक्का उठल्याखेरीज लोकांच्या फोनात जाऊ नये. हा शिक्का लाखेचा नव्हे, सरांच्या संगणकातील गुप्त किल्लीचा. दुसरा ऐसा, की जे बोलणे ते खुल्या सभेत, सर्वांस वाचता येईल ऐसे लिहावे, कानात कुजबुजू नये, म्हणजे मागाहून आलेल्यासही कळेल की काय ठरले आणि का ठरले. हे दोन्ही रिवाज नऊ वर्षे उत्तम चालले.

राज्याची चिटणीस अनुजा मगदूम, सांगलीची, रसायनशास्त्राची पदवीधर, दिवसा पाण्याचे नमुने तपासावे आणि सुटीच्या दिवशी राज्याचे काम करावे ऐसी. पाच वर्षांमागे तिने पहिली दुरुस्ती धाडिली तेव्हा प्रोग्राम प्रत्येक वाक्य दोनदा वाचू लागला, आणि सभेत हशा पिकला. मग सरांनी लिहिले की, दोष बरोबर सापडला आहे, उपाय चुकला आहे, आणि दोष सापडणे हेच अवघड, तरी पुन्हा पाठव. त्या दोन ओळींवर ती राज्यात राहिली.

पुढे वैशाखमासापासोन सरांचा शिक्का उठेनासा जाहला. त्याच सुमारास बाजारात नवे फोन आले आणि त्यांत प्रोग्रामचा आवाज वाक्याच्या मधेच थांबू लागला. मिरजेचे इम्तियाज मुजावर, तिखट जिभेचे परंतु हाताचे मोठे वाकबगार, त्यांनी दोन दिवसांत उपाय रचिला, आणि तो शिक्क्यावाचून पडून राहिला. लातुराहून सरोज नामे विद्यार्थिनीने कळविले की, परीक्षा पौषात आहे, पुस्तक तिसऱ्या ओळीस मुके होते, मी काय करू. सभेने सरांस स्मरणपत्रे लिहिली, सहा महिन्यांत सव्वीस, सगळी नम्र, आणि उत्तर एकासही नाही. मग पंचमीस सभा भरली आणि इम्तियाजभाईंनी मांडिले की, आपल्यात कोणाचे काम कोणते, अधिकार कोणता, आणि तो गप्प जाहला तर पुढे कोण, हे कधी लिहिलेच नाही, ते आता लिहावे. कोणी म्हणाले, लिहिले की सरकारी कचेरी होईल. त्यावर ते म्हणाले, "कचेरीत निदान कळतं तरी, कुठल्या टेबलावर फाइल अडलीय. चिटणीसबाई, सरांचा मान मलाही आहे. पण सरोजची परीक्षा आपल्या मानापायी थांबणार नाही." ठरले ऐसे की चिटणिसाने पौर्णिमेपर्यंत कामांची सनद लिहावी, आणि तोवर सरांचे उत्तर न आल्यास त्यांचे नाव खोडून नवा शिक्का पाडावा. परंतु नवा शिक्का पाडिला तर अकरा हजार फोनांतील जुना प्रोग्राम त्यास ओळखणार नाही, प्रत्येकास जुना काढून नवा घालावा लागेल, आणि ज्यास आवाजाखेरीज फोन चालविता येत नाही त्याने आवाज काढून टाकिल्यावर पुढचे कैसे करावे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

अनुजाने सनद लिहावयास घेतली. दोष कोणी नोंदवावे, ते कोणी तपासावे, नवख्यास कोणी वाट दाखवावी, भांडण लागल्यास कोणी सोडवावे, ऐसी कलमे भराभर उतरली, आणि शिक्क्याच्या कलमापाशी हात थांबला. खोडावयाचे नाव तिला आपल्या हाताने खोडवेना. मग तिने सव्वीस स्मरणपत्रे काढून पुन्हा वाचिली, मोजिली, त्यांत अकरा तिची स्वतःची होती. आणि मोजता मोजता ध्यानात आले की सव्वीसही पत्रे खुल्या सभेत लिहिलेली, सव्वीसांतही शिक्का कधी उठेल हेच विचारलेले, आणि सरांच्या घरचा फोन नंबर बाकीच्या बाविसांपैकी एकापाशीही नव्हता. रिवाज इतका कसोशीने पाळिला होता. मग तिने सभेस काही न कळविता रविवारी सकाळची एसटी धरिली आणि दहिवडीस गेली, आणि वाण्याच्या दुकानात विचारून घर काढिले.

दार सरांच्या पत्नी कुसुमताई यांनी उघडिले, ओळख ऐकून म्हणाल्या, "सांगलीची अनुजा ना तू? तुझं नाव रोज ऐकते गं. ये." सर खिडकीपाशी बसले होते, उठून उभे राहिले, बस म्हणाले. चहा आला तो तिला कपबशीत आणि सरांस स्टीलच्या पेल्यात, अर्धाच भरलेला, आणि सरांनी तो दोन्ही हातांनी धरिला तरी आतला चहा काठापर्यंत हेलकावत होता. अनुजाने ते पाहिले आणि तिचे घरून योजून आणिलेले सगळे बोलणे राहिले. तिने एवढेच विचारिले, "सर, तुम्ही कसे आहात?"

सरांनी पेला खाली ठेविला. मग म्हणाले, "हे विचारायला कुणीतरी यावं असं वाटत होतं. पण बोलावणार कसं?" आणि हळूहळू सांगितले की कंपवात आहे, औषध चालू आहे, एक कळ दाबावी तो चार दाबल्या जातात, उत्तरे लिहिली परंतु धाडण्याजोगी एकही उतरली नाही. तिने म्हटले, सभेत कळवायचे होते. सर म्हणाले, "सभेत लिहायचं म्हणजे साऱ्या जगापुढे लिहायचं, आणि ते कायमचं राहतं. एकट्या कुणाला सांगावं, तर कुजबुजायचं नाही हा नियम माझाच." अनुजा म्हणाली, "सर, नियम बरोबर होता. उपाय चुकला." तेव्हा सर हसले आणि म्हणाले, "माझंच वाक्य फिरवून मलाच देतेस होय."

मग दोघांनी सनद पुरी करावयास घेतली, सरांनी सांगावे आणि अनुजाने लिहावे. कलम ऐसे, की शिक्का एका हाती कधी नसावा, तिघांच्या हाती असावा. कलम ऐसे, की ज्यास पद खाली ठेवावेसे वाटेल त्याने कारण न देता ठेवावे आणि कोणी कारण विचारू नये. कलम ऐसे, की जो तीन आठवडे गप्प राहील त्यास चिटणिसाने स्वतः फोन करावा, आणि त्या पहिल्या फोनात कामाचा विषय काढू नये. सरांनी विचारिले, "आणि चिटणीसच गप्प झाली तर?" तिने तेवढी जागा कोरी ठेविली. पुढे सरांच्या पदाचा प्रश्न आला. तिने संस्थापक, मार्गदर्शक ऐसे सुचविले, तो सर म्हणाले, "मला मखरात बसवू नकोस. काम नसलेलं पद नको." इतक्यात कुसुमताई आतून म्हणाल्या, "काम नाही कसं? दिवसभर फोनातलं ते यंत्र पेपर वाचतं आणि हे त्याला रागावतात. बाजाराचे भाव काय असे वाचतात, म्हणे. माणूस गेल्याची बातमी काय असल्या आवाजात सांगतात, म्हणे. मला वाटायचं, हे माझ्यावरच ओरडतायत." सर ओशाळले. अनुजाने विचारिले की हे सगळे कोठे टिपिले आहे काय, आणि कळले की टिपिले नाही, सगळे सरांच्या ध्यानात आहे. मग तिने तेथेच नवे पद लिहिले, श्रवणनीस. आणि त्याचे काम ऐसे, की प्रोग्रामची प्रत्येक नवी आवृत्ती निघण्याआधी तिजकडून चार पाने वाचून घेऊन ऐकावी, आणि जेथे माणूस तैसे बोलणार नाही ती जागा सांगावी, आणि त्याच्या होकाराखेरीज आवृत्ती निघू नये. सरांनी ते दोनदा वाचून घेतले. म्हणाले, "हे जमेल."

राहिले जुन्याच शिक्क्यात, म्हणजे कोणास फोनातील प्रोग्राम बदलावा लागू नये ऐसे, दोन नावे चढविणे, अनुजा आणि इम्तियाज. त्यास सरांचा परवलीचा शब्द लागे, लांब, बावीस अक्षरांचा, आणि तो कोणास सांगू नये हाही जुना नियम, तो सरांनी मोडिला नाही आणि अनुजानेही मागितला नाही. पहिल्या खेपेस चुकला. दुसऱ्या खेपेस चुकला. पाचव्या खेपेस कुलूपच पडावयाचे. तेव्हा अनुजा खुर्ची ओढून शेजारी बसली, आपला तळहात त्यांच्या मनगटाखाली धरिला, आणि तोंड भिंतीकडे फिरविले. भिंतीवर दिनदर्शिका होती, तिजवरील तारखा ती मनात वाचीत राहिली, आणि हातावर त्या हाताचे थरथरणे लागत होते. सरांनी एकेक कळ शोधून दाबिली. मधे एकदा म्हणाले, "हात दुखला का गं?" ती म्हणाली, "नाही सर." मग शिक्का उघडला. आपली मान आखडल्याचे तिला तेव्हा कळले.

पौर्णिमेस सनद सभेपुढे आली. दुखण्याची गोष्ट किती सांगावी हे सरांनी स्वतः ठरविले होते, तेवढीच तिने लिहिली. इम्तियाजभाईंनी जुनी स्मरणपत्रे काढून मोजिली. मग लिहिले, "सव्वीसातली नऊ माझी आहेत. चिटणीसबाई, सरांचा नंबर द्या." सनद मंजूर जाहली. श्रवणनीसांनी चार पाने ऐकून एक जागा दाखविली, ती दुरुस्त होऊन आवृत्ती निघाली, आणि सरोजचे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत बोलले.

पुढे माघमासी अनुजास टायफॉइड जाहला आणि ती राज्याकडे फिरकली नाही. बाविसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिने अपराध्यासारखे सांगावयास घेतले की सर, माझ्याकडे तीन दुरुस्त्या तपासायच्या राहिल्या आहेत. पलीकडून सर म्हणाले, "पहिल्या फोनात कामाचं बोलायचं नाही, तूच लिहिलंयस. तू कशी आहेस?" आणि ती बरी होऊन परतली तेव्हा सनदेतील कोरी जागा भरलेली होती. तेथे श्रवणनीसांचे नाव होते, एक अक्षर चारदा उमटलेले, आणि इम्तियाजभाईंनी त्यावर शिक्का उठविताना ते तैसेच राहू दिले होते.

तात्पर्य, तेवीस माणसांच्या राज्यात कामे वाटून घ्यावयास नऊ वर्षे लागली, आणि त्याआधी एकदा दहिवडीस जावे लागले. जैसे घडले तैसे लिहिले, न्यून असेल ते ऐकणाराने सांगावे, दुरुस्त केले जाईल. लेखनसीमा.